गुरुजींचा दट्ट्या

विलायतेतल्या कारखान्याला मी पहिलं पत्र धाडलं तेव्हा उत्तरासाठी एक रिकामं पाकीट आत घालून दिलं होतं. त्यावर आमचा पत्ता सुवाच्य अक्षरात, आणि कोपऱ्यात आपल्या पोस्टाचं तिकीट. परक्या माणसाकडून उत्तर मागायचं तर त्याला तिकिटाचा भुर्दंड पडू नये, एवढं वळण आम्हाला घरातून होतं. पोस्टमास्तरांनी पत्र उजेडात धरलं, आतल्या पाकिटाबद्दल विचारलं आणि मी अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, आपलं तिकीट तिकडं कोण विचारतो?" मी म्हणालो, "आता चिकटवलंय, जाऊ द्या." गेलं. विलायतेच्या उत्तरासोबत ते पाकीट जसंच्या तसं परत आलं, वर दोन ओळी, की आपल्या सौजन्याबद्दल आम्ही आभारी आहोत, परंतु. त्या परंतुच्या पुढचं मी घरात वाचून दाखवलं नाही.

देऊळगाव राजाला आमचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना हा शब्द दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. बघणाऱ्याला पत्र्याखाली एक मोठं चाक, तांब्याचं एक पोटफुगं पिंप, गोटीच्या बाटल्या धुवायच्या टाक्या आणि चाकाला लटकलेला मी, एवढंच दिसायचं. यंत्र आजोबांनी घेतलेलं, अस्सल विलायती. चाक फिरवलं की एक दट्ट्या वर-खाली होई, पाणी आणि गॅस त्या तांब्याच्या पोटात कोंबून भरी, आणि तिथून ते बाटलीत. यंत्राचा सगळा जीव त्या वीतभर दट्ट्यात आणि त्याच्या दोन झडपांत.

तोच दट्ट्या झिजला. जालन्याच्या एका लेथवाल्यानं पितळेचा करून दिला. तो थोडे दिवस नीट चाले, मग झिजे, आणि सोड्याला पितळेची चव येई. मागच्या जत्रेत तर एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दहा माणसांत विचारलं, "सोडा हाय का समई चाटायलो मी?" लोक इतके हसले, की त्यात मीही हसलो. दादा हसले नाहीत.

कारण जागेचा प्रश्न होता. आश्विनात आमच्याकडे बालाजीचा मोठा उत्सव. घटस्थापनेपासून गाव भरायला लागतं. देवळाच्या कमानीजवळची सोड्याची जागा आजोबांच्या वेळेपासून आमची. पण त्या समईनंतर उत्सवाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी दादांना बोलावून सांगितलं, की यंदा घटस्थापनेच्या सकाळी आरती सुटल्यावर तुमचा चांगला सोडा तिथं तयार नसला, तर जागा जालन्याच्या सोडावाल्याला देऊ. तो कधीचा विचारायलाय. दादा घरी आले ते जेवलेच नाहीत. कारखाना बंद पडला असता तर ते जगले असते. त्या कमानीखाली दुसऱ्याच्या बाटल्या बघून जगले नसते.

म्हणून विलायतेला पत्र. माझं इंग्रजी म्हणजे मॅट्रिकच्या परीक्षकांनी दुसऱ्या खेपेला कंटाळून पास केलेलं. तरी उत्तर आलं! आमच्या ओसरीवर विलायतेचं पत्र! दादांनी हात धुऊन ते हातात घेतलं. मजकूर असा, की जुन्या धातूचे सुटे भाग आता आम्ही करत नाही, हल्ली ते स्टेनलेस स्टीलचे, लेथवर उतरवून आरशासारखे घासलेले असतात, गंजत नाहीत, चव देत नाहीत. आपल्या यंत्राचा नंबर कळवा.

नंबर कुठं होता? मी यंत्राखाली शिरलो. नंबराची पट्टी असायला हवी तिथं दरवर्षीच्या दसऱ्याचं हळदकुंकू तेलात मुरून बसलं होतं, बोटभर जाड. मी खिळ्यानं खरवडायला लागलो तर वरून दादांचा आवाज, "काय करायलास बे? देव खरवडायलास का?"

"नंबर पाहिजे, दादा."

"बायकोला हळद लाव म्हण वरून. उघडा नको ठेवू."

खाली पट्टी निघाली, पण एक आकडा तीन की आठ ते समजेना. मग मी त्यावर कागद धरून पेन्सिल घासली आणि तो उमटलेला कागदच पाठवून दिला. उत्तरात त्यांनी काळजीनं विचारलं, की कागदावरचे तांबडे डाग गंजाचे आहेत काय, असल्यास यंत्राची आणखी तपासणी करावी. हळदकुंकवाला इंग्रजीत काय म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. मी लिहिलं, ते डाग धार्मिक आहेत.

परदेशी माल मागवायचा तर परवाना लागे, आणि तो आमच्यासारख्याला कोण देतो? मुंबईच्या एका आयातदार पेढीनं आमची चिमूटभर मागणी आपल्या मोठ्या मागणीत सरकवून घेतली. एक दट्ट्या, दोन झडपा आणि त्या जिच्यावर टेकतात त्या बैठका. जहाज निघाल्याचं त्यांनी कळवलं आणि त्याच उन्हाळ्यात तिकडं लढाई होऊन सुएझचा कालवा बंद पडला. पेढीनं लिहिलं, माल आता आफ्रिकेला वळसा घालून येईल. देऊळगाव राजात सुएझ कालव्याची चिंता करणारे दोघंच, दादा आणि मी. दादांनी जन्मात मुंबई पाहिली नव्हती, पण शाळेतून नकाशा आणवला आणि रोज संध्याकाळी त्यावर वाकून म्हणत, "एवढ्याशा देशाला एवढा वळसा काऊन घालतात हे लोक? आतून रस्ता नाही का?" मी म्हणे, "आतून जमीन आहे, दादा." ते म्हणत, "मग बैलगाडी लावायची."

गावात मात्र निराळीच बातमी पसरली होती. स्टेनलेस स्टील म्हणजे त्या काळी लग्नात एखादा डबा आला तरी तो ओसरीवर मांडून ठेवत. आमच्याकडे विलायतेहून स्टेनलेस येणार म्हटल्यावर बायका येऊन माझ्या बायकोला विचारू लागल्या, "पिंप मागवलं का पंचपात्री?" माझी बायको मलकापूरकडची, तिच्या मले-तुलेवर आमच्याकडच्या बायका हसायच्या, पण ती कधी दबली नाही. ती सांगे, "मशीनचं सामान हाय बाई. पण चमकते म्हनतात."

आणि मग पावती आली! जालना स्टेशनावर पार्सल उतरलंय! मी पहिल्या एसटीनं गेलो, खोका सोडवला आणि येताना सगळा वेळ मांडीवर धरून बसलो. शेजारच्यानं विचारलं, "औषध आहे का?" मी म्हणालो, "दट्ट्या आहे." तो जरा सरकून बसला.

घरी आलो तो धावतच. दादा ओसरीवर होते.

"आला, दादा! आफ्रिकेला वळसा घालून आला!"

"थांब तिथंच." दादांनी हात आडवा केला. "आज तिथी कोणती?"

मी उंबऱ्याबाहेर एक पाय वर धरून उभा राहिलो. पितृपंधरवडा चालू होता. आनंदाच्या भरात माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. पितरांच्या दिवसात नवी वस्तू घरात आणायची नाही, हे आमच्या घरात दगडावर कोरल्यासारखं.

"हा काय दागिना आहे का, दादा? यंत्राचा भाग आहे."

"नवा हाय का जुना?"

"नवा."

"मग झालं तर."

"अमावास्येपर्यंत थांबलो तर दुसऱ्या दिवशी घट बसतात! बसवायचा कधी, चालवून बघायचा कधी, बाटल्या भरायच्या कधी? जागा जाईल!"

दादांचा चेहरा असा झाला, की मला बोलल्याचं वाईट वाटलं. जागा त्यांच्या बापाची होती आणि नेमही बापाचाच होता. आतून बायको म्हणाली, "मामंजी, त्याइले पानी तं पिऊ द्या आधी." मी अंगणात पाणी प्यालो आणि खोका अंगणातल्या लिंबाच्या फांदीला टांगला, झाड काही घरात मोडत नाही.

दुसऱ्याच दिवशी आजोबांची तिथी. गुरुजी येणार, पान वाढायचं. आदल्या संध्याकाळी बायको आत वड्यांची डाळ वाटत होती आणि मी लिंबाखाली खोक्याकडे बघत बसलो होतो, तेव्हा मला ती कल्पना सुचली. माझ्या आयुष्यात कल्पना फार कमी सुचल्या आहेत, त्यामुळे जी सुचते तिचा मला भारी आनंद होतो. मी उठून ओरडतच ओसरीवर गेलो.

"दादा! पितरांच्या नावानं दान द्यायला वस्तू आणतात की नाही ह्या दिवसात? छत्री, जोडा, भांडं?"

"आणतात."

"मग हा दट्ट्या आजोबांच्या नावानं! त्यांच्याच यंत्राला, त्यांच्याच नावानं!"

दादांचे डोळे भरून आले. "बापाच्या मशीनला बापाच्या नावानं," ते म्हणाले. "हे तुला सुचलं?" त्यांच्या स्वरात एवढं आश्चर्य नसतं तरी चाललं असतं.

बायको पिठाच्या हातानं दारात आली. "आवो, पन नावानं काढलेली वस्तू मंग..."

मी तिला हातानंच गप्प केलं. माझा मान चालू असताना मध्ये कोणी बोललेलं मला त्या वयात आवडत नसे.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. चांगला गोल माणूस, आवाज खणखणीत. आम्ही लिंबावरून खोका उतरवला, फोडला आणि पेंढ्यातून दट्ट्या बाहेर काढला. अहाहा! असा धातू आमच्या दारात कधी आला नव्हता. लांब, गुळगुळीत, एका टोकाला जाड डोकं, आणि बाकी अंगात दादांचा चेहरा लांबट होऊन दिसत होता. दादांनी मिशीवरून हात फिरवला, दट्ट्यातल्या मिशीवरूनही फिरला. पाटावर तो आणि झडपा मांडल्या. गुरुजींनी संकल्प सांगितला, आजोबांचं नाव, गोत्र, आणि तीळ-पाणी सोडलं. सगळं कसं यथासांग झालं. गुरुजी पोटभर जेवले, विडा घेतला, दक्षिणा घेतली, उपरणं पसरलं, त्यात दट्ट्या ठेवला, झडपा ठेवल्या, गाठ मारली आणि "कल्याणमस्तु" म्हणून निघाले.

आम्ही दोघं दारात हात जोडून उभे. ते वळणावर दिसेनासे झाल्यावर दादा म्हणाले, "गुरुजी दट्ट्या घेऊन चाललेत."

"हो."

"काऊन?"

"दान दिलं ना आपण."

"आपण नावाला दिलं होतं बे!"

मागून बायको म्हणाली, "मी तेच तं सांगून राह्यली होती."

मी पळालो. पायात वहाण नाही, धोतराचा सोगा हातात. गुरुजींचं घर देवळामागच्या आळीत. मी वळलो आणि तिथूनच मला आवाज ऐकू आला. टण्. टण्. टण्. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, ओट्यावर लोखंडी खल पुढ्यात घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातात आमचा दट्ट्या! आफ्रिकेला वळसा घालून आलेला!

"या, या!" काकू म्हणाल्या. "तुमच्या दादांनी कसला देखणा बत्ता दिलाय हो! माझा लाकडी फुटून महिना झाला. ह्यांना म्हटलं, आधी सुंठ कुटून बघते."

"काकू!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो, की खलातली सुंठ उडाली. "हात लावू नका! म्हणजे, लावलेला हात काढा!"

बरं, त्यांनी धरला होता तो मधे, त्या आरशासारख्या अंगाला, आणि कुटत होत्या ते टोकाच्या जाड डोक्यानं. त्या डोक्याचं यंत्रात काही काम नव्हतं, ते नुसतं बोल्टाला अडकायचं. मी दट्ट्या डोळ्याशी धरून फिरवून पाहिला. एक चरा नाही! माझ्या जिवात जीव आला आणि मी तिथंच ओट्यावर बसलो. तोवर गुरुजी वामकुक्षीतून उठून आले, मागून दादाही आले, आणि दादांच्या मागे डोक्यावर पदर घेऊन माझी बायको.

मी सगळं सांगितलं. गुरुजी दाढी खाजवत ऐकत होते.

"परत देता येणार नाही," ते म्हणाले. "दिलेलं दान परत नेलंत तर आजोबा उपाशी."

दादांनी कानाला हात लावले. "तसं नको."

"मग विकत घेतो," मी म्हणालो.

"पंधरवड्यात? नवी वस्तू विकत?" गुरुजींनी दादांकडे पाहिलं. दादांनी मान खाली घातली. मला तर रडू यायला लागलं होतं. यंत्र समोर, दट्ट्या हातात, घट चार पावलांवर, आणि मधे मीच बांधलेली भिंत.

गुरुजींनी मोठा ढेकर दिला. एरवी आम्ही लक्ष दिलं नसतं; पण त्या ढेकरातूनच पुढचं सगळं निघालं. पोटावर हात फिरवून ते म्हणाले, "ह्या दिवसांत रोज कुठं ना कुठं पान. रोज वडे, रोज खीर. आणि गावात धड सोडा नाही. माझी अवस्था तुम्हाला काय सांगू?" मग ते थांबले. मला वाटतं संकल्प सांगतानाही त्यांच्या चेहऱ्यावर इतकं तेज कधी आलं नसेल. "ऐका! ही वस्तू आता कोणाची?"

"तुमची," दादा म्हणाले.

"मग तुम्हाला ती नवी कुठं राहिली? दुसऱ्याच्या घरची वापरलेली वस्तू. सुंठ कुटून झालेली. ती मी तुम्हाला उसनी देतो. उसनं न्यायला पंधरवड्यात मनाई आहे का, सांगा!"

दादांनी डोळे मिटून विचार केला. आमच्या घरात त्या दिवसांत शेजारून विरजण येई, चाळणी येई, पाहुणे आले तर सतरंजी येई. "नाही," ते म्हणाले. मग जोरात, "नाही मनाई!"

"न्या तर. घटस्थापनेच्या दिवशी पहिली बाटली मात्र माझी. मालक मी आहे."

मी दट्ट्या आणि झडपा छातीशी धरून उठलो. तोच काकू म्हणाल्या, "अन् मी सुंठ कशानं कुटू?"

काकूंचं बरोबर होतं. दान घरात आलं होतं आणि पुन्हा दाराबाहेर चाललं होतं. माझी बायको मागे फिरली आणि थोड्या वेळानं परत आली. तिच्या हातात तिचा पितळी बत्ता होता, माहेरून आलेला, बुडाशी वेल कोरलेला. "घ्या काकू. माह्या मायनं देल्ला हाय, जपून वापरजा." मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

जालन्याहून मिस्त्री आला. त्यानं दट्ट्या हुंगला आणि म्हणाला, "भाऊ, विलायतेत सुंठ लावून पाठवतात का?" गरम पाण्यानं धुऊन, तेल लावून त्यानं तो नळकांड्यात सोडला. मला वाटलं ठोकावा लागेल, घासावा लागेल, आमच्या नशिबाला तसंच शोभलं असतं. तो आपल्या आपण खाली उतरला, सावकाश, जसा काही तिथंच जन्मला होता. मिस्त्रीनं माझ्या पाठीवर थाप मारली. झडपा बसल्या. मी चाकाला हात घातला. पहिला फेरा, दुसरा. पूर्वी जे चाक मला ओढून घेई ते हातात लोण्यासारखं फिरू लागलं. दाबाचा काटा चढायला लागला. गळती नाही! फुसफुस नाही! "अजून! अजून!" दादा ओरडत होते, आणि त्यांनी स्वतः दुसऱ्या बाजूनं मूठ धरली. बाटली लावली, फिरवली, आणि गोटी टक्कन गळ्यात जाऊन बसली.

दादांनी बाटली फोडली. घोट घेतला. तोंडात तसाच धरला. आम्ही सगळे त्यांच्या गालाकडे बघत होतो. त्यांनी गिळला आणि म्हणाले, "पाणी."

"म्हणजे?"

"पाणी लागतंय बे! चवच नाही! कसलीच चव नाही!" आणि साठीच्या माणसानं ती बाटली हातात घेऊन कारखानाभर नाच केला. सोड्याला चव नाही म्हणून एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अमावास्येपर्यंत आम्ही बाटल्या भरत राहिलो. घटस्थापनेच्या सकाळी आरती सुटली तेव्हा कमानीखाली आमच्या पेट्यांची भिंत उभी होती, ओल्या पोत्यांनी झाकलेली, आणि सगळ्यांत पुढे स्टुलावर गुरुजी बसले होते. पहिली बाटली त्यांची. ती पिऊन त्यांनी जो ढेकर दिला तीच आमची जाहिरात. येईल त्याला ते सांगत, "निर्धास्त प्या. आतला दट्ट्या माझा आहे." लोकांना वाटे, गुरुजींनी धंद्यात भागी घेतली.

उत्सवाचे व्यवस्थापक आले. दादांनी स्वतः बाटली फोडून दिली. त्यांनी घोट घेतला, थांबले, आणखी एक घेतला, बाटली रिकामी केली आणि दुसरी मागितली. दादा हात पुसत उभे होते, पण हात कोरडेच होते. दुसरी संपवून व्यवस्थापक आपल्या माणसाला म्हणाले, "जालन्यावाल्याला सांग, इथं जागा नाही." आणि पुढे गेले. दादा एका पेटीवर खाली बसले. थोड्या वेळानं मला म्हणाले, "चल, उभा काय राहिलास, गिऱ्हाईक बघ."

संध्याकाळी घरी आल्यावर मी बायकोला सगळं पुन्हा रंगवून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मी म्हणालो, की कोणी काहीही म्हणो, आजोबांच्या नावानं दान करायची कल्पना मुळात माझी, तिच्यामुळेच जागा वाचली. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. वेलदोडे कुटायला बत्ता नव्हता म्हणून तिनं ते पाट्यावर वाटले होते. भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "झ्याक झालं. पन येत्या साली पितराइच्या नावानं काही द्याचं असन तं आधी मले इचारा. तुमचा काही भरोसा नाही. एखांद्या दिवशी मलेच दान करून बससान."